न घातलेली लवंग

म्युनिकमधल्या ‘ताल’ या रस्त्यावर श्नायडर घराण्याचे जुने बिअरगृह आहे. तिथे बसलेलो असताना माझ्या मावशीने माझ्यासमोरचा ग्लास उचलून सरळ नाकाशी नेला. मावशी दारू घेत नाही आणि चव घेऊन पाहण्याचाही तिचा विचार नव्हता. मात्र तिचे सारे आयुष्य रत्नागिरीजवळच्या नारळी-पोफळीच्या बागेत आणि त्याच बागेत लावलेल्या मसाल्याच्या झाडांखाली गेले आहे, त्यामुळे समोर आलेली कोणतीही गोष्ट आधी हुंगून पाहायची ही तिची जुनी रीत आहे. तिने डोळे मिटून एक दीर्घ श्वास घेतला, ग्लास खाली ठेवला आणि म्हणाली, “लवंग घातलीय गं यात. आणि पिकलेलं वेलची केळं.” वाढायला आलेल्या बाईंना मी ते जर्मनमध्ये सांगितले. त्यांनी गंभीरपणे मान हलवली. पाणी, माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य), हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी एका वेलीची फुले) आणि यीस्ट (आंबवणारे सूक्ष्मजीव), याखेरीज त्यात काहीही नसते, असे त्या म्हणाल्या. मावशीने त्या उत्तराचा मान राखला, पण आपले मत काही सोडले नाही. “नसेल घातली,” ती म्हणाली, “पण आहे.”

मावशी परत गेली, तरी ते वाक्य माझ्यापाशी राहिले.

ती बिअर होती ‘आव्हेंटिनुस’. गव्हाच्या माल्टची, गडद रंगाची, ८.२ टक्के मद्यार्काची ही बिअर श्नायडर घराणे १९०७ सालापासून बनवत आले आहे. बिअरच्या वर्गवारीत ‘वाइत्सेनबॉक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकाराचा ती नमुना मानली जाते. तिचे नाव म्युनिक ज्यात आहे त्या बव्हेरिया प्रांताचा इतिहास लिहिणाऱ्या सोळाव्या शतकातल्या योहानेस टुर्मायर या पंडितावरून आले आहे. आबेन्सबेर्ग या आपल्या जन्मगावावरून तो स्वतःला आव्हेंटिनुस म्हणवून घेत असे. गेओर्ग श्नायडर यांनी १८७२ मध्ये राजा दुसरा लुडविग याच्याकडून गव्हाची बिअर बनवण्याचा हक्क मिळवला, तेव्हा तिला फारसे कोणी विचारत नव्हते. थंडीत मुरवलेल्या, स्वच्छ, सोनेरी लागर बिअरची चलती सुरू झाली होती आणि गव्हाची गढूळ बिअर जुन्या लोकांची समजली जात होती. पुढे १९४४ च्या बॉम्बवर्षावात म्युनिकमधला कारखाना उद्ध्वस्त झाला आणि सगळे काम डॅन्यूबकाठच्या केल्हाइम गावी गेले. तिथला कारखाना खुद्द १६०७ सालचा आहे. बिअर उघड्या हौदांत आंबते त्या खोलीत शिरताना पहिल्यांदा नाकाला झोंबतो तो कर्बवायू. मग तो ओसरतो आणि केळ्यांची वखार उघडल्यासारखा दाट, गोड वास अंगावर येतो. हौदावर फेसाचे पिवळट-तपकिरी डोंगर चढलेले असतात आणि त्यांच्या कडांवर हॉप्सचा काळपट राप साचलेला असतो. त्या खोलीत मसाल्याचा डबा नाही, पोते नाही, पुडी नाही.

ते तसे असण्यामागे एक कायदा आहे आणि या बिअरच्या चवीशी त्याचे नाते मोठे गुंतागुंतीचे आहे. २३ एप्रिल १५१६ रोजी बव्हेरियाच्या ड्यूकांनी इंगोलश्टाट येथे हुकूम काढला की बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काहीही वापरू नये. त्यापूर्वी युरोपात बिअरमध्ये नाना प्रकारच्या वनस्पती पडत. त्यांतल्या काही चवीसाठी, काही टिकण्यासाठी, तर काही निव्वळ झिंग वाढवण्यासाठी असत. या हुकुमाने त्या तर बंद झाल्याच, पण जवाशिवाय दुसरे धान्यही बंद झाले, कारण गहू पावासाठी राखायचा होता. असे असूनही गव्हाची बिअर जगली, ती एका अपवादामुळे. डेगेनबेर्ग या सरदार घराण्याला १५४८ मध्ये ती बनवण्याची खास सनद मिळाली. १६०२ मध्ये ते घराणे निर्वंश झाले, तेव्हा ड्यूक माक्सिमिलियन याने तो हक्क स्वतःकडे घेतला आणि गव्हाच्या बिअरच्या मक्तेदारीतून खजिना भरला. प्रजेला जो गहू पावासाठी राखायला सांगितला होता, तोच दरबारच्या कढयांमध्ये शिजत होता. मला या इतिहासातली एक गोष्ट मात्र फार मोलाची वाटते. १५१६ च्या हुकुमात यीस्टचा उल्लेखच नाही. आंबवण जिवंत असते, ते जगता जगता बिअर घडवते, हे पाश्चरने दाखवून दिले ते थेट एकोणिसाव्या शतकात. म्हणजे ज्या कायद्याने मसाल्याला दाराबाहेर काढले, त्या कायद्याच्या नजरेतून मसाला तयार करणाराच सुटला होता.

मावशीचे नाक किती अचूक होते, हे रसायनशास्त्रात डोकावल्यावर कळते. गव्हाच्या आणि जवाच्या दाण्याच्या पेशीभित्तिकांमध्ये फेरुलिक आम्ल बांधलेले असते. भरडलेले माल्ट कोमट पाण्यात कालवून साधारण ४४-४५ अंश सेल्सियसला थोडा वेळ थांबले, की ते आम्ल सुटे होऊन पाण्यात उतरते. म्हणूनच या बिअरवर प्रेम असलेले कारागीर त्या टप्प्यावर घाई करत नाहीत. मग गव्हाच्या बिअरचे खास यीस्ट त्या आम्लातला कर्बवायूचा भाग तोडून टाकते आणि उरते ते ४-व्हिनाइल ग्वायकॉल. आपल्या लवंगेतला मुख्य घटक आहे युजेनॉल. हे दोन्ही रेणू शेजारी मांडले तर मूळ सांगाडा एकच दिसतो. फरक आहे तो शेपटीतल्या एका कार्बनचा आणि त्याला चिकटलेल्या दोन हायड्रोजनांचा. मावशीला जे जाणवले ते लवंगेचे सख्खे भावंड होते. केळ्याची गोष्ट तर याहून सरळ आहे. यीस्ट जे आयसोअमाइल ॲसिटेट तयार करते, तेच पिकलेल्या केळ्याच्या वासातही असते. घटकांची यादी वाचून जे समजत नाही ते एका श्वासात समजावे, याचे मला अजूनही नवल वाटते.

लवंग म्हणजे न उमललेली कळी, हे मला मावशीच्या बागेत कळले. कोकणात नारळाच्या सावलीत जायफळ, काळी मिरी, दालचिनी लावायची पद्धत आहे; दापोलीच्या कृषी विद्यापीठाने त्या मिश्र पिकाला ‘लाखी बाग’ म्हणून पुष्कळ उत्तेजन दिले. लवंगेची झाडे त्या मानाने कमी. मावशीकडे मोजकीच आहेत. कळी हिरवी असते तोवर तिला हात लावायचा नाही आणि उमलू दिली तर ती वाया गेली. देठाकडून गुलाबी छटा चढू लागली, की घोस खुडायचे, कळ्या सुट्या करायच्या आणि चटईवर पसरून उन्हात वाळवायच्या. ताजी कळी चुरडली तर बोटांना तेल लागते आणि त्या वासात पाल्याचा हिरवटपणा असतो. वाळून ती काळसर झाली, की हिरवटपणा जातो आणि ओळखीचा, गोडसर, तिखट दर्प उरतो. लवंग एकच, पण तिचे वास असे निराळे असू शकतात. आव्हेंटिनुसमधला वास वाळलेल्या लवंगेचा आहे, पण दर्प बेताचा आणि गोडवा जास्त.

आता प्रत्यक्ष बिअरकडे येते. घरी बाटली उघडायची तर उंच, खाली निमुळता आणि वर फुगीर असा गव्हाच्या बिअरचा ग्लास घ्यावा आणि तो आधी गार पाण्याने विसळावा; कोरड्या काचेवर फेस अनावर होतो. ग्लास तिरका धरून बिअर काचेच्या अंगाने सोडावी आणि बाटलीत दोन बोटे उरली, की थांबावे. तळाशी यीस्टचा साका बसलेला असतो. बाटली गोल फिरवून तो उरलेल्या बिअरमध्ये मिसळला आणि वरून ओतला, की ग्लासातला रंग बदलतो. आधी उजेडासमोर धरल्यावर कडेला माणकासारखी लाल झाक दिसत होती, ती आता मंद होते आणि सगळे तपकिरी धुके होते. वर फेस उभा राहतो तो पांढरा नसतो, साईसारखा पिवळट असतो आणि गव्हातल्या प्रथिनांमुळे तो बराच वेळ मोडत नाही. त्या फेसात नाक जवळजवळ बुडवावे. फ्रीजमधून नुकतीच काढलेली असेल तर पहिल्यांदा येते ती लवंग, स्पष्ट आणि थोडी एकटी. पहिला घोट गोड वाटतो, पण जिभेवर बुडबुडे इतके असतात की गोडी बसायच्या आत उडून जाते. कडूपणा नावापुरता. ग्लास टेबलावर तसाच ठेवून बोलत बसावे. बिअर बारा-तेरा अंशांवर आली, की केळे पुढे येते आणि त्यामागून मनुका, खजूर, आणि भाजलेल्या माल्टचा काकवीसारखा ओला, गडद वास. लवंग तेव्हा दिसेनाशी होते. ती प्रत्येक गोष्टीत थोडी थोडी असते. आणखी गरम झाली, की घशात मद्याची ऊब उतरते, शेवटी कोकोची किंचित कोरडी चव राहते आणि लवंग परत येते, या वेळी जिभेच्या मागच्या बाजूला.

हे सगळे एका ग्लासात घडते, पण त्याला तासभर लागतो.

‘मसालेदार’ हा शब्द या बिअरच्या प्रत्येक वर्णनात असतो, मी केलेल्या नोंदींतही आहे. मावशीच्या वाक्यानंतर मला तो नीट तपासून पाहावासा वाटला. म्हणून मी बव्हेरियाची साधी काळी लागर घेतली, जिच्यात लवंगेचा मागमूस नसतो, आणि तिच्या ग्लासात मावशीने दिलेल्या पुडीतली लवंग ठेचून टाकली. थोड्या वेळाने हुंगले तर लवंग होती, जोरकस होती, पण बिअरच्या वर तरंगत होती. खाली माल्ट, वर लवंग, मधे काही नाही. घोट घेतल्यावर जिभेचे टोक हलके बधिर झाले, कारण युजेनॉलचा तो गुणच आहे आणि दातदुखीवर आपण लवंगेचे तेल लावतो ते त्याचसाठी. आमटी झाल्यावर वरून गोडा मसाला भुरभुरला तर तो कळतो आणि खटकतो. डाळीबरोबर उकळून निघालेला मसाला वेगळा काढून दाखवता येत नाही, तसे काहीसे हे अंतर होते. आव्हेंटिनुसमधली लवंग केळ्याबरोबर, मद्याबरोबर, बुडबुड्यांबरोबर त्याच हौदात, त्याच जिवांच्या हातून तयार झालेली असते. ती एकटी वेचता येत नाही, म्हणूनच ती बाहेरून आणता येत नाही.

याचा अर्थ बिअरमध्ये मसाला घालणे गैर, असा मात्र मी काढणार नाही आणि बव्हेरियातले काही अभिमानी लोक तो काढतात तेव्हा मला वाईट वाटते. बेल्जियममध्ये गव्हाच्या पांढऱ्या बिअरमध्ये धणे आणि कडू संत्र्याची साल घालतात. ही परंपरा जवळजवळ संपली होती. हूगार्डन गावच्या पिएर सेलिस यांनी १९६६ मध्ये ती पुन्हा उभी केली. उकळी संपत आल्यावर भरडलेले धणे टाकले, की ते बिअरमध्ये लिंबाच्या अंगाने उतरतात आणि धणे म्हणून वेगळे ओळखूही येत नाहीत. खुद्द जर्मनीत लाइपझिग शहराची ‘गोझे’ आहे. गव्हाची, आंबट, धणे आणि मीठ घातलेली. बव्हेरियाचा शुद्धतेचा नियम १९०६ मध्ये साऱ्या जर्मन साम्राज्याला लागू झाला, त्यानंतर उत्तरेकडच्या अशा कितीतरी स्थानिक चवींना जगणे कठीण झाले. ज्या नियमामुळे मला आव्हेंटिनुस मिळाली, त्याच नियमाने दुसरीकडे काहीतरी पुसून टाकले. ही बिअर पिताना मला तिचा आनंदही होतो आणि ती हळहळही वाटते, आणि दोन्हींपैकी एकही भावना खोटी नाही.

परीक्षण लिहिताना अडचण येते ती गुणांची. अमेरिकेत सुरू झालेल्या आणि जगभर वापरल्या जाणाऱ्या बीजेसीपी (बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्राम) या परीक्षणपद्धतीत एका बिअरला ५० गुण असतात. त्यांपैकी १२ गंधाला, ३ रूपाला, २० चवीला, ५ तोंडातल्या स्पर्शाला आणि १० एकूण परिणामाला. त्याच पत्रकावर दोषांची एक यादी असते आणि तिच्यात ‘फिनॉलिक’ हा दोष येतो. त्याच्या खुलाशात पहिल्याच खुणांमध्ये लवंग आहे. पिल्सनर या फिकट लागरमध्ये लवंगेचा वास आला तर परीक्षक गुण कापतो, कारण तिथे तो बहुधा भलत्या यीस्टचा शिरकाव झाल्याची खूण असतो. वाइत्सेनबॉकमध्ये तोच वास नसेल तर गुण जातात. हे मला योग्य वाटते. प्रत्येक प्रकाराचा स्वतःचा धर्म असतो. माझी तक्रार निराळी आहे. परीक्षक एका बैठकीत अनेक नमुने चाखतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला थोडीच मिनिटे येतात. जी बिअर उबदार होत जाताना चार वेळा बदलते, तिला तेवढ्या वेळात तोलणे म्हणजे बैठकीच्या पहिल्याच आलापावरून गायकाचे मूल्यमापन करणे होय. या बिअरला गुण द्यायचे तर ते ग्लास रिकामा झाल्यावर द्यावेत.

आपल्याकडे बिअर म्हणजे दातांना कळ येईल इतकी गार, ही कल्पना इतकी पक्की आहे की कोणी ती बारा अंशांवर प्यायला सांगितले तर अपमान वाटावा. आपल्या उन्हाळ्यात ते समजण्यासारखेच आहे. पुण्यात २००९ मध्ये डूलाली या छोट्या बिअरगृहाने गव्हाची बिअर ताजी बनवून द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून लवंग-केळ्याचा हा वास मराठी माणसांच्या ओळखीचा होऊ लागला आहे, पण तो हलक्या, फिकट बिअरमधला. गडद वाइत्सेनबॉकला थंड हवा मानवते आणि जपूनही प्यावी लागते. अर्ध्या लिटरच्या एका बाटलीत ४१ मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो आणि केळ्याच्या गोडीमागे तो इतका लपतो की कळायच्या आत बाटली संपू शकते. मी ती नेहमी दोघांत वाटून घेते आणि त्याहून अधिक घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. झणझणीत रश्श्याबरोबर तर ती अजिबात नको. मद्य आणि बुडबुडे मिळून तिखटाची आग वाढवतात आणि माल्टची सारी नजाकत त्यात जळून जाते. माझ्या अनुभवात तिची खरी जोडी जमली ती संक्रांतीच्या गुळपोळीशी. म्युनिकच्या जानेवारीत खिडकीबाहेर बर्फ असते, पोळी तव्यावरून उतरलेली, तुपात भिजलेली असते आणि तीळ, गूळ, जायफळ यांना ही बिअर आपल्यातलीच असल्यासारखी येऊन मिळते. तुपाने तोंडावर धरलेला थर बुडबुडे धुऊन काढतात आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. तीळगूळ हातावर ठेवून बिअरचा ग्लास पुढे करणे आमच्या घरच्या वडीलधाऱ्यांना रुचणार नाही, हे मी जाणते. त्यांच्यापुढे मी ते करणारही नाही. पण चवींचा हा मेळ मला मनापासून सच्चा वाटतो.

ही बिअर वर्षानुवर्षे ठेवण्याची हौस असलेले लोक आहेत आणि श्नायडरसुद्धा मुरवलेली आव्हेंटिनुस वेगळी विकते. मद्यार्क भरपूर आणि बाटलीत जिवंत यीस्ट, यामुळे ती टिकते हे खरेच. पण लवंगेचा तो रेणू नाजूक आहे. काळ जातो तसा तो मोडतो, त्यातून थोडा व्हॅनिलाकडे झुकणारा वास उरतो, केळेही विरते, आणि त्यांची जागा मनुका, अंजीर, जुन्या शेरीसारखा खोल वास घेतो. अशी मुरलेली बाटली मी आवडीने प्याले आहे आणि ती उत्तम होती. तरीही निवड करायची झाली तर मी ताजी बाटली घेते. गडद माल्टची गोडी आणि फळांचा मुरलेला वास इतर कितीतरी बिअरमध्ये मिळतो. कुणीही न घातलेली लवंग मात्र थोड्याच बिअरमध्ये मिळते, आणि तीही काही महिनेच.